साच्यातली माणसे आणि आपला युक्तिवाद

कातकरी दारू पितो, आळशी असतो, हाती आलेला पैसा एका रात्रीत उडवतो. म्हणून त्याच्या मुलांसाठी वसतिगृह हवे. नाताळच्या किंवा उपवासकाळाच्या तोंडावर मदतीची जी आवाहने आपल्यांत फिरतात, त्यांतल्या पुष्कळांचा सारांश एवढाच निघतो. भाषा अर्थातच सौम्य असते. ‘दारुडा’ असे कोणी लिहीत नाही, ‘व्यसनाधीन’ असे लिहितात. ‘आळशी’च्या जागी ‘उद्याची चिंता नसलेला’ येते. आणि अखेरीस ‘भोळाभाबडा’ हे विशेषण लागले की वाचकाचा हात खिशाकडे जातो. मागणी खोटी नसते. वसतिगृह खरोखरच हवे असते. परंतु त्या खऱ्या मागणीला टेकू म्हणून जो माणूस उभा केलेला असतो, तो लिहिणाऱ्याने पाहिलेला असतो की नुसता ऐकलेला, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

विचारलाच, तर उत्तर ठरलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात तिरस्कार नाही, माया आहे. दहा ओळींत वाचकाला पटवायचे, तर ओळखीचे चित्र वापरावेच लागते. चित्र ठोकळेबाज असेल, पण हेतू शुद्ध आहे. मग याला पूर्वग्रह कसे म्हणता? हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. साहित्यात साचा ही फार जुनी सोय आहे. कंजूष सावकार, कजाग सासू, तमाशातली मावशी, वगातला हवालदार यांच्यावाचून आपली अर्धी करमणूक आणि बराचसा उपदेश लंगडा पडला असता. तेव्हा साचा दिसला की लेखकाला पूर्वग्रहदूषित ठरवायचे, असला सोवळेपणा आम्हांस मान्य नाही. आमचे म्हणणे एवढेच, की टीकेला लेखकाचे मन दिसत नाही, त्याचे लेखन दिसते. त्या लेखनात साचा काय काम करतो, कोणाच्या खर्चाने करतो आणि तो काढून घेतला तर मागे काय उरते, हे पाहता येते. तेवढे पाहावे.

आम्ही हे शेलू येथून लिहीत आहोत. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामधले हे स्थानक. एका अंगाला नव्या इमारतींचे फलक, दुसऱ्या अंगाला वीटभट्ट्यांचा धूर, आणि डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, ही या नावाची सर्वमान्य व्युत्पत्ती. पुढे खैर वनखात्याचा झाला. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव होत गेले, तसा कात काढण्याचा धंदा सुटला आणि कातकरी व्यापाऱ्यासाठी कोळसा पाडू लागला, शेतावर राबू लागला, शेवटी भट्टीवर आला. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. घरगुती गाळप गुन्हा ठरले, आणि दारू ही ठेकेदाराच्या गुत्त्यावर जाऊन रोखीने वा उधारीने घ्यायची वस्तू बनली. ‘कातकरी दारूपायी कर्जबाजारी’ हे वाक्य लिहिताना या दोन कायद्यांचा उल्लेख आम्ही एकाही आवाहनात वाचलेला नाही.

चित्र मात्र त्याच काळात पक्के झाले. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले; कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. त्या काळच्या गॅझेटियरांची पद्धतच अशी, की प्रत्येक जातीजमातीच्या वाट्याला पेहराव, आहार, लग्नविधी यांच्याबरोबर शीलाचीही एखादी ओळ यावी. ही कष्टाळू, ती उधळी, तिसरी भित्री. चार ओळींत माणूस संपला. १८७१ च्या कायद्याने तर काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण कायदा रद्द झाला म्हणून ओळ पुसली जात नाही. ती प्रशासकाच्या टिपणातून शिक्षकाच्या बोलण्यात, तेथून समाजसेवकाच्या अहवालात आणि तेथून आपल्या आवाहनात येते. प्रत्येक मुक्कामावर हेतू सुधारत जातो. ओळ तीच राहते.

याच जिल्ह्यात, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. तेथील हुतात्म्यांच्या यादीत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. आवाहनांतल्या कातकऱ्याला नाव नसते. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शौर्याचे चित्र निंदेच्या चित्राहून अधिक खरे असते असे नव्हे. तोही एक साचा होऊ शकतो. परंतु नाव असलेल्या माणसाविषयी ‘असे लोक असेच असतात’ हे म्हणणे अवघड जाते.

साच्यात घातले जाणे म्हणजे काय, हे ख्रिस्ती वाचकाला निराळे शिकवायला नको. ‘बॉबी’ (१९७३) मधला जॅक ब्रगांझा आठवावा. प्रेमनाथ यांनी तो मोठ्या उमाळ्याने रंगवला. दिलदार, भांडखोर आणि सदा पेल्यापाशी. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला अँथनी तर दारूचा गुत्ताच चालवतो आणि मिळकतीतला वाटा देवाला देतो. हा चित्रपट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा शिकवणारा आहे. त्याचा युक्तिवाद सर्वधर्मसमभावाचा आहे. एकाच आईला तीन धर्मांतले तीन मुलगे एकाच वेळी रक्त देतात, या एका दृश्यात तो सारा आला. युक्तिवाद उदात्त, आणि तो उभा आहे तीन साच्यांवर: कर्तव्यदक्ष हिंदू पोलीस अधिकारी, कव्वाली गाणारा मुसलमान, मद्यपी पण मनाचा चांगला ख्रिस्ती. आपण तो पाहून हसलो, खूश झालो. पुढे वसईच्या वा अलिबागच्या मुलाला वसतिगृहात ‘तुमच्यात तर घरोघरी पितात ना?’ असे विचारले गेले, तेव्हा आपल्याला राग आला. विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याने एका चांगल्या चित्रपटातून शिकलेले सांगितले.

आता जरा वरच्या दर्जाच्या उदाहरणाकडे वळू. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले, हे सर्वश्रुत आहे. एका गरोदर कुणबी स्त्रीच्या दारी जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, शांतीच्या निमित्ताने तिच्या नवऱ्याला ब्राह्मणभोजनाच्या आणि कर्जाच्या फेऱ्यात अडकवतो. मध्येच एक पाद्री येऊन कुणब्याशी धर्माविषयी बोलतो, विदूषक प्रत्येक प्रसंगावर टोला मारत राहतो, आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करतात. सारी पात्रे साच्यातली आहेत. लबाड जोशी, अडाणी कुणबी, सत्य बोलणारा पाद्री. मग हे नाटक पूर्वग्रहाचे म्हणायचे काय?

आम्हांस ते तसे वाटत नाही. पण तसे न वाटण्याचे कारण ‘फुल्यांचा हेतू चांगला होता’ हे नव्हे. हेतूच्या आधारे सोडायचे, तर सर्वांनाच सोडावे लागेल. कारण नाटकाच्या घडणीत आहे. या नाटकात जोशाचा स्वभाव युक्तिवादाचा भार वाहत नाही, व्यवहार वाहतो. काय घेतले, किती मागितले, कोणाकोणाच्या पंगती उठल्या, पैसा कोठून उभा केला, हे सारे फुले हिशेबाच्या वहीसारखे मांडतात. जोशाच्या जागी एखादा मनाचा मवाळ, स्वतःच्या विद्येवर खरोखर श्रद्धा असलेला जोशी कल्पून पाहा. कुणब्याच्या डोक्यावरचे कर्ज एक पैशाने कमी होत नाही. म्हणजे साचा काढला तरी युक्तिवाद उभा राहतो. दुसरे असे, की ज्याच्यावर साचा चालवला तो त्या घरात बलवान आहे. त्याच्या शब्दाने तेथे धान्य हलते.

आणि तिसरी गोष्ट कुणब्याची. तो अडाणी आहे, सहज फसणारा आहे, म्हणजे तोही साचाच. पण नाटकाचा शेवट त्या साच्याचाही शेवट आहे. अडाणीपण हा त्याचा स्वभाव नव्हे, त्याच्यापासून काढून घेतलेल्या वस्तूची खूण आहे, आणि ती वस्तू परत मिळवायला तो स्वतः निघतो. आवाहनांतला कातकरी मात्र शेवटपर्यंत तसाच राहतो. बदलायचे असते ते त्याच्या मुलाने, आणि तेही त्याच्यापासून दूर नेल्यावर.

तरीही फुल्यांना सर्वस्वी मोकळे सोडणे हा टीकेचा आळस होईल. कुणबी साच्यातून बाहेर पडतो, जोशी पडत नाही. नाटकात त्याला तसा दरवाजाच ठेवलेला नाही. फुल्यांच्या आयुष्यात मात्र तो होता. शाळांच्या कामात त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारख्या ब्राह्मण मित्रांची साथ होती. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता. जगताना त्यांनी जे भेद पाळले ते लिहिताना सर्वत्र पाळले नाहीत, आणि पुढच्या काही लेखनात व्यवहारावरची टीका जातीच्या जन्मजात स्वभावावर घसरते तेथे ती दुबळी होते, असे आमचे मत आहे.

पाद्र्याविषयी मात्र आपल्या समाजात फारसे कोणी बोलत नाही. त्या नाटकात आपल्या वेषाचा माणूस सत्याच्या बाजूने उभा आहे म्हणून ख्रिस्ती वाचक सुखावतो. (तो पाद्री आपल्या पंथाचा नव्हे, फुले ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, त्या वळणाचा आहे. पण सुखावताना एवढी बारीक चौकशी कोण करतो?) नाटकाच्या दृष्टीने तो सर्वांत कच्चा. जोशाला निदान भूक आहे, लोभ आहे, बोलण्याची लकब आहे. पाद्र्याला काहीच नाही. तो येतो, योग्य ते बोलतो, जातो. स्तुतीचा साचा निंदेच्या साच्याइतकाच पोकळ असतो, आणि तो मोडायला अधिक कठीण असतो, कारण ज्याच्यावर तो घातलेला असतो तो तक्रार करत नाही.

याच्या उलट टोकाला विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ आहे. १९८१ साली अश्विनी सरीन या पत्रकाराने, स्त्रियांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ती हकीकत लिहिली. त्यावरून हे नाटक सुचले. नाटकातला जयसिंग जाधव कमला या आदिवासी स्त्रीला पत्रकार परिषदेत उभी करतो. युक्तिवादाला पुरावा हवा, आणि पुरावा म्हणून माणूस. परिषदेत तिला काय काय विचारले गेले आणि लोक कसे हसले, हे तो घरी येऊन रंगवून सांगतो. अन्याय खरा आहे, तो उघड करण्याची तळमळही पुरती खोटी नाही, आणि तरी त्या सभेत कमलाचे जे होते ते बाजारात झाले त्याहून फार वेगळे नाही. ती बोलते, ती जयसिंगच्या बायकोशी. तुला कितीला घेतले, असे ती सरिताला सरळ विचारते. मराठी रंगभूमीवरचा हा एक असाधारण क्षण आहे. पुराव्याने उलट प्रश्न केला.

पण त्या क्षणाचा लाभ कोणाला झाला? सरिताला. तिचे डोळे उघडले, आणि पुढचे नाटक तिचे झाले. कमलाची रवानगी आश्रमात होते आणि ती आपल्या नजरेआड जाते. जयसिंगने तिला ज्या कामासाठी वापरले ते तेंडुलकरांनी धिक्कारले. स्वतः मात्र तिला दुसऱ्या, अधिक सूक्ष्म कामासाठी वापरले. हा दोष सांगून आम्ही नाटकाला लहान करत नाही. जागरूक लेखकाच्या हातूनही अशा जागी भोळ्या आदिवासी स्त्रीचे चित्र सहजी मोडत नाही, एवढेच म्हणतो.

‘भोळा’ या शब्दापाशी आता थांबले पाहिजे, कारण येथे प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही. १९६७ साली ओरिसा राज्याने (आताच्या ओडिशाने) धर्मांतरविषयक कायदा केला. बळाने, आमिषाने वा फसवणुकीने केलेल्या धर्मांतरास त्यात शिक्षा सांगितली. आणि धर्मांतरित व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री, अनुसूचित जातीची वा जमातीची असेल तर ती शिक्षा दुप्पट केली. १९७७ साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओरिसाचा आणि मध्य प्रदेशाचा असे दोन्ही कायदे वैध ठरवले. ख्रिस्तसभेने या तरतुदीवर घेतलेला आक्षेप आम्हांस रास्त वाटतो: प्रौढ आदिवासी स्त्रीपुरुषांना बालकांच्या रांगेत बसवणे हा त्यांच्या विवेकबुद्धीचा अपमान आहे. तो विचार करू शकतो, नाकारू शकतो, निवडू शकतो. पण मग आपलीच आवाहने काय सांगतात? आदिवासी भोळा आहे, कोणीही त्याला फसवावे, त्याचे हित त्याला कळत नाही. हेच त्या कायद्याचे गृहीतक आहे. न्यायालयात आपण ज्या विधानाला विरोध करतो, तेच विधान देणगीच्या पावतीपुस्तकाबरोबर वाटतो. एकच साचा दोन परस्परविरोधी युक्तिवादांच्या सारखाच उपयोगी पडतो, याचा अर्थ तो दोहोंपैकी कोणाचाही पुरावा नव्हे. वाचकाच्या मनात अगोदरच असलेल्या समजुतीवर काढलेली ती उचल आहे. आणि भट्टीवरच्या उचलीप्रमाणेच तिची फेड तिसराच करतो.

म्हणून मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे: साचा वापरणारा माणूस पूर्वग्रहदूषित असेलच असे नाही, पण ज्या युक्तिवादाचा भार साच्यावर आहे तो युक्तिवाद पूर्वग्रहावरच जगतो. लिहिणाऱ्याचे मन निर्मळ आहे, हा त्याच्या आणि देवाच्या मधला विषय. वाचकाच्या मनात त्याने काय पेरले, हा आपला.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा स्वतःचा इतिहास सुखाचा नाही, आणि तो लपवण्याचेही कारण नाही. शतकानुशतके यहुदी माणूस हा आपल्या प्रवचनांतला हुकमी साचा होता. कृपा समजावून द्यायची तर नियमशास्त्राला चिकटलेला यहुदी हवा. प्रांजळपणा शिकवायचा तर ढोंगी परूशी हवा. उपदेश उत्तम, उदाहरण आयते. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतला यहुद्यांविषयीचा निंदाव्यंजक शब्द १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी काढवला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात, यहुदी देवाने टाकलेले वा शापलेले आहेत असे चित्र रंगवू नये, असे स्पष्ट बजावले. मधल्या काळात युरोपात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या रायगडात, अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाने रविवारी ‘परूशी’ ऐकला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो शनवार तेली कधीच आला नाही. साचा नुसता द्वेष शिकवतो असे नव्हे. तो शेजाऱ्याला पाहू देत नाही.

साचा वापरण्याची एक निराळी तऱ्हा मात्र शुभवर्तमानातच आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक, लेवी आणि शोमरोनी हे तिघेही ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे साचे आहेत. पहिल्या दोघांकडून काय अपेक्षायचे आणि तिसऱ्याकडून काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. येशू ते साचे वापरतो, पण त्यांचा आधार घेत नाही. ऐकणारा त्यांवर रेलून बसला की ते खालून काढून घेतो. शेवटी शेजारी कोण ठरला, असे विचारल्यावर शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही, त्या माणसाने काय केले ते सांगतो. पुष्कळ प्रवचनकार हा त्याचा कोतेपणा मानतात. असेलही. पण जमातीच्या नावाऐवजी कृती सांगणे, हे त्या क्षणी तरी त्याला जमले.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. चित्र ओळखीचे नसेल तर मदत येत नाही, असे जे म्हणतात त्यांना आमचे सांगणे आहे की प्रयोग करून पाहावा. वसतिगृह का हवे? दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मधल्या महिन्यांत मुलाची शाळा सुटते, म्हणून. कुटुंब का जाते? पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याची खर्ची तीतून वजा होते, आणि हिशेबाची वही मालकाकडे राहते. वाडीखालची जमीन पुष्कळदा त्यांच्या नावावर नसते, आणि रेल्वेच्या या पट्ट्यात जमिनीला भाव आल्यापासून ती केव्हा सुटेल याचा नेम नाही. या मजकुरात दारूला जागा मिळाली नाही, आणि ती नसल्याने काही अडलेही नाही. उलट वसतिगृहाबरोबर दोन प्रश्न आणखी पुढे आले: हिशेबाच्या वहीचा आणि जमिनीच्या उताऱ्याचा. हे प्रश्न देणगीदाराला थोडे अडचणीचे वाटतील, कारण आपल्यांतही कोणाची भट्टी असते आणि कोणी या पट्ट्यात प्लॉट घेतलेला असतो. ‘व्यसनाधीन’ हा शब्द ही अडचण येऊ देत नव्हता.

आणि एक सूचना. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते छापण्यापूर्वी वाचून दाखवावे. जूनपासून दसऱ्यापर्यंत कुटुंबे वाडीवर असतात, आणि नाताळचे आवाहन ऑक्टोबरात छापायला जाते. मध्ये पुरेसा वेळ आहे.